हेराल्डचे नट-बोल्ट : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

पाऊस लागायच्या आत बॉडी चासीवरून, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावरून, उतरली, हे फार बरं झालं. गाडी आमच्या थोरल्या काकांची. स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, १९६० च्या दशकातली. खानापूरच्या घरी पडवीत उभी होती. तिकडचा पाऊस तिरका येतो, त्यामुळे खालचा पत्रा बराच खाल्ला गेलाय. पण चासीचे दोन्ही मुख्य दांडे हातोडीनं ठोकत गेलो, तर आवाज ठणठणीत आला. दाजी म्हणाले, "हाडं शाबूत हायत, आता बाकीचं करूया की." टेंपोत घालून सगळं बेळगावात टिळकवाडीला आणलं.

हेराल्डमध्ये नट-बोल्ट ही किरकोळ बाब नाही. या गाडीची बॉडी एकसंध नाहीच. बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उघडतं, छप्पर बोल्टनं बसवलंय, मागचा भाग वेगळा, डॅशबोर्डकडचा भाग वेगळा. इंग्लंडात स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ साली बीएमसीनं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन), म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्यानं घेतली. अख्खी बॉडी दाबून देणारं कुणी राहिलं नाही. मग लहान लहान भाग जिथं जमेल तिथं करून घ्यायचे आणि वेगळ्या चासीवर बोल्टनं जोडायचे, असं ठरलं. इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीनं रूप दिलं, १९५९ साली गाडी तिकडं आली, आणि १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं ती आपल्याकडं बनवली. दार नीट लागणं, बॉनेटची फट दोन्हीकडं सारखी येणं, काचेतून पाणी न येणं, हे सगळं इथं बोल्ट बरोबर असण्यावर आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम ठेवलाय. जो बोल्ट ज्या भोकातून निघाला, तो वायसरसकट त्याच भोकाच्या नावाच्या पिशवीत. गंजलेला असो, मोडका असो, फेकायचा नाही. मोडका बोल्टसुद्धा लांबी सांगतो, डोक्याचा आकार सांगतो आणि आटे सांगतो.

९ जून

पुतणी इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत घरी आली आहे. तिच्या ताब्यात पिशव्या दिल्या. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून पितळी ब्रशनं साफ केल्यावर खरी स्थिती दिसायला लागली.

मूळचे बोल्ट ओळखू येतात. डोकं जरा उंच, पाना अर्ध्या इंचाचा लागतो, आटे बारीक. त्यांच्यात मधूनमधून पिवळसर नवे बोल्ट आहेत, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेला, तेरा नंबरचा पाना लागणारे. म्हणजे आठ मिलिमीटरचे. मागे कधीतरी एका गॅरेजमध्ये बॉडी हलते म्हणून दाखवली होती, तेव्हाचं हे काम. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर आणि हा ८ मिलिमीटर. जाडीत केसाचा फरक. पण मूळ आटे इंचाला २४ आहेत, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.०६ मिलिमीटर, आणि आठ एमेमच्या साध्या बोल्टचं १.२५. असा बोल्ट हातानं दीड फेरा जातो आणि अडतो. त्यापुढं मोठा दांडा लावून फिरवला की तो जातो, पण नटातले आटे कापत जातो. घट्ट बसल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात धरून ठेवणारं लोखंड उरलेलंच नसतं.

मला याचा राग येतो, कारण यात नुकसान बोल्टचं होत नाही. बोल्ट दहा रुपयांचा. नुकसान चासीला वेल्ड केलेल्या नटाचं होतं, आणि तो नट डब्यासारख्या बंद दांड्याच्या आत असतो.

१६ जून

मोजणी. साधनं साधीच, व्हर्नियर (जाडी मोजायचं माप), स्टीलची पट्टी, पिच गेज (आटे ओळखायच्या दातेरी पात्यांचा जुडगा) आणि चांगला उजेड.

पिच गेजची पाती जुन्या बोल्टवर नुसती टेकवून चालत नाही. पातं आणि बोल्ट मिळून खिडकीकडं धरायचं आणि मधून उजेड येतो का ते बघायचं. उजेड दिसला की आटा तो नव्हे. गेज नसेल तर पट्टीवर अर्ध्या इंचात किती आटे बसतात ते मोजायचे. ५/१६ च्या बोल्टला बारा आले तर यूएनएफ (युनिफाइड बारीक आटा), नऊ आले तर यूएनसी (युनिफाइड जाड आटा), अकरा आले तर जुना बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटा). पुतणीनं हे मोजायला घेतल्यावर तिचा वेग बघून मी व्हर्नियरवर सरकलो आणि ती आकडे सांगत गेली.

या गाडीवर बहुतेक सगळा यूएनएफ आहे. पाव इंचाला २८ आटे, ५/१६ आणि ३/८ ला २४, ७/१६ आणि अर्ध्या इंचाला २०. थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट मात्र ५/१६ असूनही १८ आट्यांचे, म्हणजे यूएनसी. बीडासारख्या ठिसूळ धातूत जाड आटे बरे टिकतात, म्हणून ओतीव भागात हे सापडतात. पिशव्या वेगळ्या ठेवल्या नसत्या तर हे बोल्ट बॉडीच्या बोल्टमध्ये मिसळून गेले असते, कारण डोकं दोघांचंही सारखंच.

यूएनएफ इथं का, तर त्यामागं युद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतलं सामान इंग्लंडच्या यंत्राला बसेना. इंग्लंडचा व्हिटवर्थ आटा १८४१ पासूनचा, त्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेचा ६० अंशांचा. शेवटी नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच ६० अंशांचा आटा मान्य केला. हेराल्ड त्यानंतरची, म्हणून ती या नव्या आट्यावर. काकांच्या या गाडीहून जुन्या काळातली एखादी गाडी असती तर घरात व्हिटवर्थचे पाने वेगळे ठेवावे लागले असते.

२३ जून

दुकानं पालथी घातली. रविवार पेठ, खडे बाजार, खानापूर रोडवरची हार्डवेअरची दुकानं. प्रत्येक ठिकाणी आधी "अडीच सूत" (म्हणजे ५/१६ इंच) म्हटलं की गल्ल्यावरचा माणूस मान हलवतो, मग "बारीक आटा" म्हटलं की हात थांबतो. एका दुकानातले अण्णा वयस्कर, त्यांनी माझा नमुना चष्मा वर करून बघितला.

"अडीच सूत बारीक आटा आता कोण विचारतंय ओ? आठ एमेम न्या की. बसतंय."

"बसत नाही अण्णा, घुसतंय."

त्यावर ते हसले आणि फळीवरचा एक जुना खोका खाली काढला. त्यात ३/८ यूएनएफचे नट होते, बोल्ट नव्हते. नट सगळे घेतले.

अण्णांचं चुकत नाही. आपल्या देशात वजनमापांचा कायदा १९५६ सालचा, त्यानंतर सगळा कारभार हळूहळू मिलिमीटरवर गेला. आमची गाडी नेमकी त्याच काळात मद्रासला इंची आट्यांवर तयार होत होती. आज साठ वर्षांनी बाजारात इंची आटा शोधायचा तर यंत्राचं मूळ घराणं कुठलं ते बघावं लागतं. जुने टाटा ट्रक मर्सिडीजच्या बरोबरीनं सुरू झाले, म्हणून त्यांचं सामान मिलिमीटरमध्ये. जुने लेलँड इंग्रजी घराण्याचे, त्यांचं इंचात. जुनी जीप अमेरिकी, तीही इंचात. ऑटोनगरात जायचं तर टाटाच्या दुकानात वेळ घालवू नये, जुना लेलँड किंवा जीपवाला गाठावा.

ऑनलाइन मागवलेली पाकिटंही आज आली. पाकिटावर "५/१६ यूएनएफ" असं छापलेलं, आत आठ एमेम. परत पाठवली. कागदावरचं नाव बघून बोल्ट घेऊच नये. हातात धरता येत नसेल तर निदान पट्टीवर ठेवलेला फोटो मागवावा आणि अर्ध्या इंचातले आटे स्वतः मोजावेत.

३० जून

आजची नोंद जरा लांब आहे, कारण सगळ्यात बारीक स्क्रूंनी सगळ्यात जास्त वेळ घेतला आणि माझ्या मते या कामाचा गाभा इथंच आहे.

दिव्यांच्या काचा, नंबरप्लेटचा दिवा, फ्यूजचा डबा, डॅशबोर्डच्या पट्ट्या. सगळीकडं साधारण पाच मिलिमीटरचे स्क्रू. पितळी थाळीत ओतले तर एकाच पाकिटातले वाटावेत. व्हर्नियर लावल्यावर त्यांचे तीन गट पडले. काही ४.८ भरतात, काही ४.७, आणि काही बरोबर ५ च्या खाली.

४.८ वाले यूएनएफचे दहा नंबर, इंचाला ३२ आटे, अंतर ०.७९ मिलिमीटर. ५ वाले आजचे साधे एम-५, अंतर ०.८. आणि ४.७ वाले टू-बीए, अंतर ०.८१. तिघांच्या आट्यांमधलं अंतर इतकं जवळचं की पिच गेजचं पातं तिघांवरही बसल्यासारखं दिसतं. लहान स्क्रूवर आठ-दहाच आटे असतात, तेवढ्यात फरक उघडा पडत नाही.

बीए म्हणजे ब्रिटिश असोसिएशनचा आटा, १८८० च्या दशकात घड्याळं आणि उपकरणांसाठी ठरवलेला. कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, म्हणजे आटे उभट आणि टोकदार वाटतात. त्याची मांडणी फार सुरेख आहे. शून्य नंबरचं अंतर बरोबर १ मिलिमीटर, आणि पुढच्या प्रत्येक नंबरचं आधीच्याच्या नऊ-दशांश. ०.९, ०.८१, ०.७३, ०.६६ असं उतरत जातं. इंग्लंडातली गाड्यांची विजेची उपकरणं कितीतरी वर्षं याच आट्यावर राहिली. गाडीचे बाकीचे बोल्ट बदलले तरी दिव्याचा स्क्रू बीएच राहिला. आमच्या गाडीचंही तसंच निघालं. दिवे आणि फ्यूजचा डबा टू-बीए आणि फोर-बीए, पत्र्याला लावलेल्या पट्ट्या दहा नंबर यूएनएफ, आणि मधूनमधून कुणीतरी नंतर घातलेले एम-५.

एम-५ च्या नटात दहा नंबरचा स्क्रू सुळकन जातो. जातो म्हणून माणूस समाधानी होतो. पण जाताना तो नटात डुलतो, बोटानं बाजूला हलवला तर डोकं हलताना दिसतं. टू-बीए तर त्याहून जास्त डुलतो. आवळला की आट्यांच्या नुसत्या शेंड्यांवर ताण येतो आणि काही दिवसांत स्क्रू फिरतच राहतो. उलट बाजूनं, दहा नंबरच्या नटात एम-५ घालायला गेलं की तोंडालाच अडतो, आणि पेचकस दाबून फिरवला की पितळी नटाचा चुरा होतो. म्हणजे एक चूक गप्प असते आणि दुसरी लगेच बोलते. गाडीला जास्त घातक ती गप्प असणारी.

आता प्रत्येक लहान स्क्रूसाठी तीन नट बाजूला ठेवलेत, एक एम-५, एक दहा नंबर, एक टू-बीए, तिघांना वेगवेगळा रंग लावून. स्क्रू तिन्हींत फिरवून बघायचा. ज्यात तो बोटानं शेवटपर्यंत जातो आणि तरीही डुलत नाही, तो त्याचा नट. यापेक्षा खात्रीची परीक्षा मला सापडलेली नाही.

७ जुलै

निपाणीला लग्न होतं. येताना संकेश्वरला एका ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानासमोर गाडी थांबवली. तिथं हिरण्यकेशी साखर कारखाना, त्यामुळं ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची आणि ट्रॉल्यांची वर्दळ. खिशात अडीच सुताचा नमुना होताच. मालक कन्नड बोलणारे. त्यांनी तो हातात घेतला, नखानं आटे चाचपले आणि म्हणाले, "इदु मॅसी बोल्ट री." म्हणजे हा मॅसीचा बोल्ट. आत जाऊन एक पत्र्याचा ट्रे घेऊन आले. पाव इंच, ५/१६, ३/८, ७/१६, सगळे यूएनएफ, निरनिराळ्या लांबीचे, डोक्यावर तीन रेघा असलेले.

मॅसी फर्ग्युसनचे आपल्याकडचे ट्रॅक्टर मद्रासच्या टॅफेचे. त्यांचं मूळ बघितलं तर गोष्ट आमच्याच गाडीच्या दारात येते. हॅरी फर्ग्युसनचा प्रसिद्ध करडा ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडात कोव्हेंट्रीला स्टँडर्ड मोटर कंपनीनंच बनवला, तीच कंपनी जिनं ट्रायम्फ त्याआधीच घेतली होती आणि पुढं हेराल्ड काढली. म्हणजे एका घराण्याचा ट्रॅक्टर आणि एका घराण्याची मोटार. मोटारीचं सामान आपल्या भागातून कधीच गेलं, पण ऊस आहे तोवर ट्रॅक्टर आहेत, आणि ट्रॅक्टर आहेत तोवर त्यांचे बोल्ट. गोकाक, रायबाग, अथणी, चिकोडी, जिथं जुना मॅसी चालतोय तिथं हेराल्डचा बोल्ट मिळणार. जुन्या इंग्रजी गाडीवर काम करणाऱ्या कुणालाही मी आता पहिल्यांदा हेच सांगतो. मोटारीच्या दुकानाआधी ट्रॅक्टरच्या दुकानात जा.

ट्रॅक्टरचे बोल्ट बहुधा लांब असतात. त्यात एक बघायचं असतं. बोल्टचा आट्यांशिवायचा गुळगुळीत भाग, म्हणजे दांडी, जोडलेल्या पत्र्यांच्या जाडीइतकी हवी. लांब बोल्ट कापून आखूड केला आणि दांडीच जाडीपेक्षा जास्त निघाली, तर नट आटे संपल्यावर दांडीवर अडतो आणि आपल्याला वाटतं बोल्ट आवळला गेला. म्हणून लांबीबरोबर दांडीही मोजून आणली.

२१ जुलै

पाऊस थांबत नाही. लोखंडाला हात लावला तरी बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबडे होतात. सगळे नवे बोल्ट तेलाच्या कापडात. काम नाही.

४ ऑगस्ट

दाजींचा आग्रह होता की सगळे बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत, आपल्या हवेत गंजणार नाहीत. मागणी वाजवी आहे, म्हणून नीट विचार केला.

बाजारात मिळणारा साधा स्टेनलेस बोल्ट ए-२-७० असतो. तो कायमचा ताणला जायला साधारण ४५० मेगापास्कल ताण पुरतो. ८.८ चा काळा बोल्ट ६४० पर्यंत तग धरतो. पुढच्या चाकांचे त्रिकोणी हात, स्टिअरिंगचा रॅक, मागचा आडवा पाट्यांचा स्प्रिंग, ब्रेकच्या मागच्या प्लेटी, इथं मूळ बोल्ट मजबूत पोलादाचा आहे आणि तिथं तसाच हवा. डोक्यावर तीन रेघा म्हणजे अमेरिकी पाच नंबर, सहा रेघा म्हणजे आठ नंबर. पाच नंबर ८.८ च्या जवळ बसतो, तो घेतला. आठ नंबर जास्त मजबूत म्हणून सरसकट घालण्यात मला अर्थ दिसत नाही, मूळ जागेला जेवढा हवा तेवढाच.

स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला तर दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि मग कापूनच काढावे लागतात, हेही आहे. वंगण लावून, सावकाश फिरवून ते टाळता येतं. तेव्हा तोडगा असा निघाला : चालण्या-थांबण्याशी संबंध असलेल्या एकाही ठिकाणी स्टेनलेस नाही. नंबरप्लेट, मडगार्डच्या कडा, बॅटरीचा पत्रा, तिथं चालेल. दाजींना पटलं.

१८ ऑगस्ट

चासीतले नट. सगळ्यात नाजूक काम.

ज्या भोकांत आठ एमेम घुसवले होते, त्या प्रत्येकात ५/१६ यूएनएफचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, हातानं फिरवला. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, मध्ये मध्ये तेल आणि टॅप काढून चुरा पुसणं. घाई केली की टॅप आत मोडतो, आणि चासीच्या आत मोडलेला टॅप काढणं म्हणजे नवं दुखणं. सुदैवानं घुसवणाऱ्यानं बोल्ट आखूड वापरले होते; नटाच्या वरच्या भागातले आटे मेले, खालचे चांगले राहिले. टॅपला खालच्या आट्यांची वाट सापडली की फिरताना हाताला कळतं, जोर एकदम कमी लागतो.

दोन ठिकाणी मात्र काहीच उरलं नव्हतं. तिथं भोक वाढवून ३/८ घालावं, असं सुचवलं गेलं. मी नको म्हटलं. वाढवलेलं भोक पुन्हा लहान होत नाही, आणि बॉडीचं भोकही मग वाढवावं लागतं. त्याऐवजी चासीला खालच्या अंगानं छोटी खिडकी कापली, मेलेला नट घासून काढला, नवा ५/१६ यूएनएफचा नट आत बसवून वेल्ड केला आणि कापलेला तुकडा परत लावला. वेल्डिंग करताना नटात जुना बोल्ट घालून ठेवला होता, म्हणजे नट सरळ राहिला आणि आट्यांत शिंतोडे गेले नाहीत.

बी-खांबावरचे, म्हणजे दारामागच्या खांबावरचे, नट वेल्ड केलेले नाहीत, पत्र्याच्या पिंजऱ्यात सैल असतात, म्हणजे दार बसवताना थोडं इकडं-तिकडं सरकवता येतं. तिथला एक पिंजरा उघडला होता, त्याच्या कडा पक्कडीनं परत वळवल्या.

८ सप्टेंबर

कालच गणपती बसले. पुढच्या नोंदी विसर्जनानंतर.

२२ सप्टेंबर

टू-बीएचे दिव्याचे स्क्रू. बाजारात काही मिळाले. जुन्या विजेच्या सामानात पितळी बीए स्क्रू असतात, मोटार रिवाइंडिंग करणाऱ्यांकडं डबेच्या डबे पडून आहेत. पण आमच्या काचेला लागणारा स्क्रू लांब आणि डोकं घुमटीसारखं, तसा कुठंच नाही.

उद्यमबागेत आमच्या ओळखीचे टर्नर मामा आहेत. आता काम कमी करतात, पण लेथ तेलपाणी करून जपलेली. नमुना दाखवल्यावर म्हणाले, "बीए हाय की. माझ्याकडं डाय असंल बघ." आणि कपाटातून कागदात गुंडाळलेली टू-बीएची डाय, म्हणजे सळईवर आटे पाडायचं हत्यार, काढली. कधीकाळी विजेच्या टर्मिनलचं काम ते करायचे, तेव्हाची.

पुतणी सोबत होती. मामांनी तिला बोलावून घेतलं आणि पितळी सळईचा तुकडा कसा धरायचा ते दाखवलं. सळई ४.७ वर उतरवली. पुढच्या टोकाला बारीक चढ दिला, म्हणजे डाय सरळ सुरू होते. डाय हातानं चालवली, लेथ फक्त धरायला. मग डोकं फॉर्मच्या टूलनं, चीर पातळ करवतीच्या पात्यानं. पहिला स्क्रू हातात देऊन म्हणाले, "बाळ, हा आता नटात घाल. बोटानं. पानाबिना काय नको. बोट अडलं तर काम अडलं म्हणायचं."

तो बोटानं शेवटपर्यंत गेला. डुलला नाही.

मी मामांना विचारलं की डाय नसती तर लेथवर आटा काढता आला असता का. ते म्हणाले, टूल साडेसत्तेचाळीस अंशांवर घासायचं, गिअर ०.८ चे लावायचे. दहा आट्यांमागं ०.१ मिलिमीटरचा फरक येईल, आखूड स्क्रूला चालून जाईल, लांबाला नाही. हे गणित त्यांनी कागदाशिवाय केलं. अशी माणसं उद्यमबागेत अजून आहेत, आणि त्यांच्याकडून पुतणीच्या वयाच्या मुलांनी हे शिकून घ्यावं असं मला फार वाटतं.

६ ऑक्टोबर

खंडेनवमी आठवड्यावर आली आहे, उद्यमबागेत मशिनं धुण्या-रंगवण्याची गडबड, त्यामुळं प्लेटिंगवाल्यानं लवकर माल मागितला. जुने सुस्थितीतले बोल्ट झिंक करायला दिले. देताना दोन गोष्टी सांगितल्या. आम्लात जास्त वेळ ठेवायचे नाहीत, आणि सस्पेन्शनचे बोल्ट मुळीच द्यायचे नाहीत, कारण मजबूत पोलाद आम्लातला हायड्रोजन शोषून घेतं आणि पुढं ताणाखाली तडकू शकतं. ते तेल लावून काळेच ठेवले.

झिंकचा थरही आट्यांवर बसतो. पातळच, पण दहा नंबरसारख्या बारीक स्क्रूला जाणवतो. आलेला प्रत्येक लहान स्क्रू पुन्हा रंगीत नटांत फिरवून घेतला. काही घट्ट झाले होते, त्यांच्यावरून डाय हलकेच फिरवली.

दाराच्या आतल्या पुठ्ठ्याचे स्क्रू वेगळेच प्रकरण. ते पत्र्यात स्वतःच आटा पाडणारे सेल्फ स्क्रू, डोकं बशीसारख्या कपात बसणारं. इथं मिलिमीटर-इंचाचा वाद नाही, नंबर जुळला की झालं, पण लांबी जुळलीच पाहिजे. लांब स्क्रू दाराच्या आत काच खाली येते त्या वाटेत घुसतो आणि काच खरवडतो. जुन्या काचेवर तशी एक उभी रेघ आहेच. नवे सगळे अर्ध्या इंचाचे घेतले आणि पुठ्ठा लावायच्या आधी काच पूर्ण खाली-वर करून बघितली.

२० ऑक्टोबर

बॉडी परत चासीवर. माणसं जमवली, शेजारची पोरं आली, दाजींनी मोजून उचलायला लावलं.

क्रम असा ठेवला. आधी सगळे रबरी आणि पत्र्याचे पॅकिंग जागेवर. मग प्रत्येक बोल्ट, अगदी शेवटच्या कोपऱ्यातलासुद्धा, बोटानं निदान तीन आटे. एकही पाना नाही. एखादा बोल्ट बोटानं जात नसेल तर तो बोल्ट दोषी नाही, भोकं सरकली आहेत असं धरून बॉडी हलवायची. उजव्या मागच्या कोपऱ्यात तसं झालं. पहारीनं बॉडी जराशी उचलून ढकलली आणि बोल्ट आपसूक आत गेला. एरवी इथंच पाना लागतो आणि नव्या नटाचे आटे पहिल्याच दिवशी जातात.

सगळे बोल्ट बोटानं लागल्यावर दारं टांगली आणि फटी बघितल्या. डावं दार मागं जरा खाली. त्या बाजूच्या मधल्या माउंटमध्ये पातळ पॅकिंग वाढवलं, फट सारखी झाली. मग मधून बाहेरच्या दिशेनं, दोन्ही बाजू आळीपाळीनं, थोडं थोडं आवळत नेलं.

बाकी : बॉनेटच्या पुढच्या बिजागरीचे बोल्ट ७/१६ यूएनएफचे हवेत, संकेश्वरला सांगून ठेवलेत. डाव्या दिव्याचे टू-बीए मामांकडं तयार आहेत, क्रोम करून यायचेत. छपराच्या मागच्या कडेचे दहा नंबर स्क्रू थोडे कमी पडतात. मुंबईला नागदेवी स्ट्रीटला भाचा जातोय, त्याच्याकडं नमुना, लांबी लिहिलेली चिठ्ठी आणि रंगीत नट दिलाय.